तुसाच्या ढिगावर पोपटी फळ्या

भाताच्या तुसाचा ढीग कितीही मोठा केला तरी त्याचा उतार तेवढाच राहतो. परंदवडीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि आजवर कुणालाही त्याचा उपयोग झालेला नाही.

*

मुरूडला समुद्र आहे, असं चंद्रिकाबाईंना इतरांकडून कळलं.

*

बीनबॅगच्या पोटात जे पांढरे दाणे असतात, ते हवेपेक्षा फारसे जड नसतात. बीनबॅगवर तसं कुठेही लिहिलेलं नसतं.

*

खळ्यात वहाणा घालून जायचं नाही.

*

रेडकाला डब्याचं झाकण ओळखू येतं. म्हशीलाही येत असेल, पण म्हैस तसं दाखवत नाही.

*

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं, तर सुरुवात फळ्यांपासून करायला हवी.

तळेगावात राहणाऱ्या चंद्रिकाबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान माधवराव देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाले. मुलगा शार्दूल आणि सून अमृता काही वर्षं कॅनडात काढून परत आले, आणि त्यांच्या सामानातून मिक्सर, पाळणा वगैरे अपेक्षित वस्तूंऐवजी तीन जोड फळ्या निघाल्या. बर्फावरून घसरायच्या. अमृता तिकडे घसरायला शिकली होती. एक जोडी काळी, अरुंद. एक जांभळी, पोळपाट लांबवत नेल्यासारखी रुंद. ती म्हणे भुसभुशीत, ताज्या बर्फासाठी. आणि एक पोपटी, मधल्या अंगाची. थोडा भुसभुशीत, थोडा घट्ट, थोडा ओला असा सरमिसळ बर्फ असेल तर ती. तिन्ही जोड्या बायकांच्या.

"बायकांच्या म्हणजे?" शेजारच्या नंदाबाईंनी विचारलं. "बर्फाला काय कळतंय?"

"वजनाला हलक्या असतात मावशी," अमृता म्हणाली.

"मग पुरुषांच्या जड कशाला करतात?"

याचं उत्तर कॅनडातही कुणी अमृताला दिलेलं नव्हतं.

जानेवारीत गुलमर्गला जायचं ठरलं. शार्दूलनं जेवताना कार्यक्रम सांगितला. "मी आणि अमृता वर जाऊ. बाबा रोपवेनं वर येऊन फोटो काढतील. आणि आई खाली..."

"पिशव्यांपाशी," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"तसं नाही गं. खाली हॉटेल आहे. हीटर असतो."

इथे थोडा खुलासा. प्रत्येक घरात कुणीतरी गणपतीची आरती तबकात धरतं, कुणीतरी गॅस सिलिंडरचं वायसर बघतं, आणि कुणीतरी पिशव्यांपाशी बसतं. ही नेमणूक केव्हा झाली हे कुणालाच आठवत नाही, त्यामुळे ती रद्दही होत नाही. सगळे सिंहगड चढले तेव्हा चंद्रिकाबाई पायथ्याशी होत्या. महाबळेश्वरला सगळे होडीत होते, तेव्हा त्या काठावर होत्या आणि होडीतल्या सगळ्यांच्या चपला त्यांच्या पायाशी ओळीनं होत्या. मुरूडला त्यांनी सुरूच्या झाडांकडे तोंड करून दिवस काढला, कारण समुद्राकडे तोंड केलं की वाळू डब्यात जायची. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर हिमनदी काढली, तिचे बाण काढले, आणि बर्फ फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पाहिला.

"मी घसरणार," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"कुठे?" माधवराव घाबरून म्हणाले. "बाथरूममध्ये का? मी सकाळीच पुसलंय."

"गुलमर्गला."

मग शार्दूलनं कॅनडात शिकलेली समंजसपणाची पद्धत वापरली. गुलमर्गला घसरायला शिकवणाऱ्याकडे रविवारी संध्याकाळपर्यंत नावं द्यायची होती. तोवर आईनं कुठेतरी, कशावरतरी, कुठल्याही एका जोडीवर उभं राहून खाली येऊन दाखवावं, म्हणजे तिचंही नाव देऊ. नाहीतर हॉटेल आहेच, हीटर आहेच. विमानात फळ्यांची एकच लांब पिशवी नेता येणार होती, तेव्हा तिन्हींतली जोडीही तोवर निवडायची होती. अमृताचे घसरायचे बूट चंद्रिकाबाईंना बरोबर बसले. हे बूट घालून माणूस चालत नाही, त्याची हलवाहलव होते.

तिन्ही जोड्या जिन्यात उभ्या करताच सल्ले सुरू झाले. नंदाबाईंचा भाचा मनालीला जाऊन आलेला असल्यामुळे त्या विषयात त्यांचा शब्द अखेरचा होता. "मागे पडायचं चंद्रिकाताई, पुढे नाही. पुढे पडलं की दात जातात. मागे पडलं तर काय, कंबरच." त्यांनी तिन्ही जोड्या नारळासारख्या बोटानं वाजवून बघितल्या. "पोपटी भरीव आहे. जांभळी पोकळ वाटते. काळीत पाणी कमी."

बीनबॅगही नंदाबाईंचीच.

पार्किंगच्या रॅम्पवर बीनबॅगचं पोट फाडून दाणे पसरले, की तो ताजा भुसभुशीत बर्फ, ही कल्पना मात्र चंद्रिकाबाईंची होती, हे प्रांजळपणे सांगितलं पाहिजे. दाणे पसरले. खरोखर बर्फासारखे दिसले. नंदाबाईंनी फोटोही काढला, आणि त्या फोटोत दाणे आहेत. त्यानंतर तळेगावात नेहमी असतो तसा वारा आला.

चंद्रिकाबाई कोरड्या सिमेंटवर, जांभळ्या फळ्यांवर, जागच्या जागी उभ्या राहिल्या. बर्फ निघून गेला.

सोसायटीच्या फलकावर संध्याकाळी लागलेली सूचना अशी:

*सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पार्किंगची जागा वाहनांकरिता असून तेथे कोणत्याही ऋतूची निर्मिती करू नये. पांढरे दाणे तुळशीत, टाकीत व सचिवांच्या आमटीत आढळले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत. — अंबाजी, सचिव.*

"आमटीत?" माधवरावांनी जिन्यात विचारलं.

"मी साबुदाणा समजून खाल्ले साहेब," अंबाजी म्हणाले. "उपास मोडला म्हणून बायको वर आणि बोलली."

*

लोणावळ्याला थंड बर्फाचं एक सभागृह आहे, असं शार्दूलला मोबाइलवर दिसलं. सगळे गाडीतून गेले. फळ्या मागच्या काचेतून बाहेर, त्यांच्या टोकाला नंदाबाईंनी बांधलेला लाल रुमाल. घाटाकडच्या गर्दीत लोक गाडीला वाट देत होते. बहुतेकांना वाटलं आत कुणीतरी आजारी आहे.

तिकीट खिडकीवरच्या तरुणानं फळ्या बघितल्या. "मॅडम, टोकवाली चीज अंदर अलाऊड नाही."

"पण ह्या बर्फासाठीच आहेत."

"हो, पण आपल्या बर्फासाठी नाहीत. आत आपण घमेलं देतो. प्लास्टिकचं. त्यात बसून जायचं."

"मग ह्या कुठे ठेवू?"

"ठेवायला जागा नाही मॅडम. कुणीतरी बसा ना त्यांच्यापाशी."

पुढचं कुणी ठरवलं नाही. ते घडलं. माधवरावांनी भाड्याचं जाकीट घातलं, शार्दूल आणि अमृतानं घातलं, नंदाबाईंनी दोन घातली. अमृता दारात थांबली. "आई, मी बसते. तुम्ही जा."

"अगं जा," चंद्रिकाबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर 'अगं जा'च म्हटलेलं होतं. जीभ आपोआप तिकडे वळली.

त्या चिक्कीच्या दुकानासमोरच्या बाकावर फळ्यांपाशी बसल्या. लोक येऊन विचारत होते, "काकू, ह्या कितीला?" सगळे परत आले तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. शार्दूलनं कागदी कपातून आईसाठी बर्फ आणला होता.

कपात पाणी होतं.

"थंड आहे बघ अजून," शार्दूल म्हणाला.

चंद्रिकाबाई ते प्यायल्या. मग त्यांनी कप चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. परतीच्या वाटेवर कामशेतला त्या म्हणाल्या, "दत्तोबांच्या गिरणीत तूस किती असेल हो?"

*

दत्तोबा हे माधवरावांचे डेपोतले सहकारी. निवृत्तीनंतर त्यांनी परंदवडीत भाताची गिरणी टाकली. काढणी होऊन गेली होती आणि गिरणीच्या आवारात तुसाचा ढीग दोन मजले उंच झाला होता. रविवारी सकाळी सगळे पोचले. पिशव्यांत पोळी-भाजीचे डबे, पाणी, टॉवेल, नंदाबाईंचं आयोडेक्स. चंद्रिकाबाई बूट घालून ढिगाकडे निघाल्या, आणि दत्तोबांच्या आई बयाबाई वाटेत काठी आडवी धरून उभ्या राहिल्या.

"थांबा. पायात काय हाय?"

"बूट आहेत मावशी."

"खळ्यात वहाणा न्हाई चालायच्या."

"आये," दत्तोबा म्हणाले, "खळं कुटं हाय? गिरणीचं आवार हाय हे. शिमिटाचं."

"शिमिट खाली हाय. वर काय हाय?"

"तूस."

"कशाचं?"

"भाताचं."

"मंग? लक्ष्मीच्या अंगावरचं कापड हाय ते. त्याच्यावर वहाणा?"

"आगं, पर ते वराळ्याला वीटभट्टीवर जातं. तितं जाळत्यात ते!"

"जाळत्यात. तुडवत न्हाईत."

शार्दूलनं घड्याळ बघितलं. चंद्रिकाबाईंनी माधवरावांकडे बघितलं, आणि माधवरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. डेपोत त्यांनी उभी हयात एकच काम केलं होतं: आलेली वस्तू कशात मोडते ते ठरवणं. तंबूची मेख लोखंडी सामानात की तंबूच्या सामानात, यावर त्यांनी एकदा वरिष्ठांशी सहा महिने पत्रव्यवहार केला होता आणि जिंकले होते. निवृत्तीनंतर असा प्रश्न त्यांच्याकडे प्रथमच आला होता.

"बयाबाई," ते म्हणाले, "औत खळ्यात चालतं का?"

"औताला कोन न्हाई म्हनतंय? पुजलेलं आसलं की झालं."

"मग ह्या फळ्या म्हणजे औत. जमिनीवरून ओढायचं अवजार. पूजा करा त्यांची."

"आन बूट?"

"बूट फळीला लागतो. फळी तुसाला लागते. बूट तुसाला लागतच नाही."

बयाबाईंनी यावर बराच विचार केला. "आन सुटला तर?"

"सुटला तर नारळ फोडायचा."

हे त्यांना पटलं. तिन्ही जोड्या भिंतीला उभ्या करून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. अमृतानं जोडी बुटांना लावायचा खटका कसा चालतो ते दाखवलं. बूट फळीत अडकवणं ढिगाच्या बाहेरच झालं पाहिजे असं ठरल्यामुळे ढिगावर चढायचा प्रश्न उरला. तो दत्तोबांनी सोडवला. तूस ढकलायला ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी खोरं होतं. चंद्रिकाबाई त्या खोऱ्यात बसल्या, फळ्या पुढे, हात मांडीवर, डोहाळजेवणाला बसल्यासारख्या, आणि खोरं वर गेलं.

"चंद्रिकाताई, मागे!" नंदाबाई खालून ओरडल्या. "मागे पडायचं!"

पहिल्यांदा काळी जोडी. काळी जोडी तुसात शिरली आणि चंद्रिकाबाई तुसावर राहिल्या. दोन्ही खटके सुटले. नारळ.

"बघा, ताज्या बर्फात अरुंद फळी अशीच बुडते," अमृता आनंदानं म्हणाली. "अगदी तसंच आहे हे!"

दुसऱ्यांदा जांभळी. जांभळी खरोखर तरंगली. तिला खाली येणं मान्य होतं, वळणं मान्य नव्हतं. चंद्रिकाबाई सरळ रेषेत पेंढ्याच्या गंजीत गेल्या. त्या बाहेर आल्या, एक फळी आतच राहिली. नारळ.

आता सगळे खोबरं खात होते. "दोन बघितल्या आई," शार्दूल म्हणाला. "कळलं आपल्याला. तुझी हौस झाली, आमची करमणूक झाली."

चंद्रिकाबाईंच्या केसांत, कानांत आणि चष्म्याच्या आत तूस होतं. त्यांनी चष्मा काढून फुंकला. "तिसरी राहिली."

"पोपटी सरमिसळ बर्फासाठी आहे," अमृता म्हणाली. "नुसत्या तुसात तिचं काही कळायचं नाही."

"मंग सरमिसळ करू की," दत्तोबा म्हणाले, आणि ट्रॅक्टर घेऊन कामाला लागले. त्यांनी ढिगाच्या एका अंगाला कोंडा टाकला, पेंढा टाकला, मधूनमधून नळीनं पाणी मारलं. तेवढ्या वेळात शार्दूलला ढिगाच्या दुसऱ्या अंगानं पोत्यावर बसून घसरता येतं असा शोध लागला. आधी बूट काढून तो गेला, मग नंदाबाई गेल्या, मग माधवरावसुद्धा. चंद्रिकाबाई कडेला बसल्या होत्या. "आई, हे जरा धर." मोबाइल आला. "चंद्रिकाताई, पर्स." पर्स आली. चष्मा, गाडीची किल्ली, माधवरावांचं पाकीट, मोज्यांचे तीन जोड. बघता बघता त्यांच्याभोवती पिशव्यांचं पूर्ण वर्तुळ झालं.

वर्तुळाच्या मध्ये बसून त्यांनी पोपटी फळ्या पायांत अडकवल्या.

"नारळ येकच ऱ्हायलाय," बयाबाई म्हणाल्या. "तो बी संकष्टीचा. आता सुटता कामा नये."

"सुटत न्हाई," दत्तोबा म्हणाले आणि आतून काथ्या घेऊन आले. बूट आणि फळी त्यांनी मिळून आवळली, जू बांधतात तशी, वरून गाठ.

"अहो काका, नको!" अमृता धावली. "पडल्यावर ती सुटायलाच हवी! नाहीतर पाय मोडतो!"

"सुटनारं अवजार काय कामाचं वो?"

"तशीच रचना असते त्याची!"

"मंग रचना चुकली," दत्तोबांनी निकाल दिला. "वहिनी, तुमी पडू नका म्हंजे झालं."

इतक्या दिवसांत मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला होता. चंद्रिकाबाई खोऱ्यात बसल्या.

वरून परंदवडी दिसत होती. कापलेली खाचरं, पलीकडे कारखान्यांचे पत्रे, लांब डोंगर. त्यांनी भूगोलात शिकवलेलं सगळं जागच्या जागी होतं. खाली तुसाच्या कडेला पिशव्या होत्या, आणि पिशव्यांकडे एक रेडकू निघालं होतं. ते पळत नव्हतं. त्यानं डबा ऐकला होता, की वास घेतला होता, ते त्यालाच ठाऊक.

"आई! पिशव्या!" शार्दूल ढिगाच्या दुसऱ्या अंगावरून, पोत्यावरून ओरडला.

"चंद्रिकाताई, माझी पर्स!"

"अगं चंद्रिका, पाकीट आहे तिथे!"

सगळे जिथे होते तिथून वर बघत होते. कुणीही हललं नाही. रेडकानं पहिल्या पिशवीत तोंड घातलं.

"माझे पाय बांधलेत," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, पण गिरणी बंद होती. मग माधवराव पोतं खाली ठेवून, अनवाणी, खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन पिशव्यांकडे गेले. त्यांनी रेडकाला हाकललं. रेडकू चार पावलांवर जाऊन उभं राहिलं. माधवरावांनी पिशव्यांकडे बघितलं, मग वर ढिगाच्या माथ्याकडे.

"इथे नुसतं बसायचं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठल्या बाजूला तोंड करून?"

"पिशव्यांकडे. मधे मधे डब्याकडे."

माधवराव बसले. चंद्रिकाबाई निघाल्या.

पोपटी जोडी कोरड्या तुसावरून गेली, ओल्या कोंड्यावर अडखळली नाही, पेंढ्यावरून खरखरत गेली. मध्ये एक वळण झालं. ते चंद्रिकाबाईंनी घेतलं की फळ्यांनी, यावर घरात अजून एकमत नाही. वळणानंतर त्या ज्या वेगात होत्या तो त्यांच्या वयाला, हुद्द्याला आणि पातळाच्या जागी घातलेल्या माधवरावांच्या जुन्या पॅंटला शोभणारा नव्हता. बयाबाईंनी नारळ पदराखाली घेतला. नंदाबाई "मागे! मागे!" म्हणत स्वतःच मागे पडल्या. पिशव्यांपाशी बसलेल्या नवऱ्यासमोरून चंद्रिकाबाई उभ्याच्या उभ्या गेल्या आणि पिशव्या त्यांना पहिल्यांदाच पुढून दिसल्या. ढीग संपला. कोंडा सांडलेलं आवार होतं, ते संपलं. फाटकाबाहेर पेंढा वाळत घातला होता, तोही संपत आला, आणि दत्तोबांच्या हरभऱ्याच्या बांधाअलीकडे त्या थांबल्या.

उभ्या होत्या. काथ्या तसाच होता. बूट कशालाही लागलेला नव्हता.

सगळे धावत आले. अमृता रडत होती की हसत होती ते तुसामुळे कळत नव्हतं. शार्दूलनं मोबाइल मागितला, तो पिशवीत होता. मग तो बाबांकडून आणून, तिथेच बांधावर उभं राहून, त्यानं शिकवणाऱ्याला आईचं नाव पाठवलं. वय विचारलं होतं. त्यानं चंद्रिकाबाईंकडे बघितलं आणि खरं वय लिहिलं.

"पोपटी ना?" अमृतानं विचारलं.

"पोपटी. पण काथ्याशिवाय."

"मी म्हणत होते भरीव आहे," नंदाबाई लांबून, आडव्याच पडून म्हणाल्या.

माधवराव मात्र जागचे हलले नव्हते. रेडकू अजून चार पावलांवर होतं आणि दोघं एकमेकांकडे बघत होते. चंद्रिकाबाई फळ्यांसकट फरफटत परत त्यांच्यापर्यंत आल्या.

"फार कंटाळवाणं काम आहे गं हे," माधवराव म्हणाले. "असतं तरी काय एवढं ह्या पिशव्यांत?"

चंद्रिकाबाई दत्तोबांना हात करत होत्या. खोरं परत खाली येत होतं.

मुरूडला त्यांनी दिवसभर सांभाळलेल्या पिशवीत दोन ओले टॉवेल आणि अर्धी काकडी होती.